काकांनी मॉनिटर बंद केला की

जगातली वीज अजून संपलेली नाही, याचं निम्मं श्रेय माझ्या चुलतसासऱ्यांना द्यायला हवं. उरलेलं निम्मं धरणांना आणि कोळशाला मिळालं तर माझी हरकत नाही. हे गृहस्थ जन्मभर वीज मंडळात मीटर वाचत होते. निवृत्त होताना मंडळानं त्यांना शाल दिली, हार घातला, पण त्यांच्या अंगातला मीटर काढून घ्यायला मंडळ विसरलं आणि तो अजून फिरतोच आहे. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत कुणाच्या रिकाम्या खोलीत पंखा फिरत असला तर काकांना तो चार घरं पलीकडून ऐकू येतो. मग ते त्या दारात उभे राहून तमिळमध्ये सांगतात, "अम्मा, तुमचा वारा वाया चाललाय." फ्रिज उघडण्यापूर्वी आतून काय काय घ्यायचं ते ते तीनदा मोठ्यानं म्हणतात, आणि मग असा हात घालतात की आतल्या दिव्यालासुद्धा आपण लागलो होतो की नाही याची शंका यावी. माझ्या लग्नात, ऐन मंगलाष्टकांत, सगळे अक्षता टाकत असताना काका मांडवातली दिव्यांची माळ बंद करायला गेले होते. "बाहेर ऊन मावत नाही, आणि हे दिवे कुणाला दाखवताय?" असं त्यांनी भटजींनाच विचारलं. त्या क्षणाचा फोटो आमच्याकडे आहे. त्यात सगळं गणगोत माझ्याकडे बघतंय आणि एक वेष्टी नेसलेली पाठ स्विचबोर्डाकडे.

खूश असले की काका मला तमिळमध्ये "माप्पिळ्ळै" म्हणतात आणि रागावले की तेच मराठीत "जावईबापू" म्हणतात. गेल्या वर्षभरात मी इतका जावईबापू झालो होतो की माझी मातृभाषा मला टोचायला लागली होती. त्याचं कारण एक मॉनिटर. आणि त्या मॉनिटरबाबत माझ्यावर जो अन्याय झाला, तो मी आज साफ सांगून टाकणार आहे.

काकांचं कॉम्प्युटरवर एकच काम, घराण्याची वंशावळ. तुम्ही म्हणाल, त्यासाठी प्रोग्रॅम मिळतात. मिळत असतील. काकांनी काय केलं, तर प्रत्येक नातेवाइकाचा एक फोल्डर केला, आत त्याचा फोटो आणि माहिती घातली, वर तमिळ अक्षरांत नाव लिहिलं, कारण देवनागरी वाचणारं आमच्याकडे आता कोण उरलंय, आणि ते फोल्डर स्क्रीनवर उघड्यावरच मांडले. नवरात्रात आमच्याकडे पायऱ्यांवर बाहुल्यांचा कोलु मांडतात, अगदी तसे. वरच्या पायरीवर मूळपुरुष, खालच्या पायरीवर त्यांचे मुलगे, शेजारी सुना, मग नातवंडं, आणि तळाशी बेंगळुरूला परवा जन्मलेली, अजून नाव न ठेवलेली पोर. मी एकदा म्हटलं, "काका, हे छापून भिंतीला लावा की." तर म्हणाले, "कागदावर चिकटवलेली माणसं सरकत नाहीत, माप्पिळ्ळै. उद्या कुणाचं लग्न ठरलं तर सुनेला उभं कुठं करू? छताला?"

घराणं वाढत गेलं आणि जुना छोटा मॉनिटर चुलत भावंडांतच संपला. नातवंडांना जागा उरली नाही. तेव्हा काकांनी मला मोठा मॉनिटर आणायला सांगितलं, कारण घासाघीस ही माझी विद्या आहे. मी सायकलला पितळेची भांडी बांधून पापनाशमच्या बाजारात दारोदार फिरलेला माणूस. आज माझं स्वतःचं दुकान आहे ते कुणाच्या कृपेनं नव्हे, या जिभेनं. मी तिरुच्चीला गेलो आणि एक अख्खी दुपार त्या दुकानदाराशी भांडलो. तीनदा दुकानाबाहेर पडलो, तीनदा त्यानं हाक मारून आत घेतलं. शेवटी त्यानं मला सोडा पाजला, हात जोडले आणि माझ्या भावात मॉनिटर दिला. वर मी एक नव्या पद्धतीची जाडजूड केबल फुकट काढली. ती केबल माझ्या हातात ठेवताना त्याच्या चेहऱ्यावर जे दुःख होतं, ते आठवून मी अजूनही जेवताना हसतो.

मॉनिटर आला, काकांनी राहुकाळ टाळून तो लावला, साऱ्या घराण्याला ऐसपैस बसवलं आणि कॉफी करायला उठले. उठताना अर्थातच मॉनिटरचा स्विच बंद केला. कॉफी घेऊन परत आले, स्विच लावला आणि ओरडले. सगळं घराणं डावीकडच्या कोपऱ्यात गर्दी करून उभं होतं, देवळाच्या दारात पोंगलचा प्रसाद वाटत असल्यासारखं. मूळपुरुष आपल्या पणतीच्या खाली गेले होते. ओरत्तनाडूच्या आत्या आपल्या नवऱ्याला सोडून भलत्याच दिराशेजारी उभ्या होत्या. आणि आमच्या दिवंगत काकू थेट आपल्या नणंदेला चिकटल्या होत्या. त्या दोघी वीस वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या.

काकांनी मला बोलावून घेतलं. कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "जावईबापू, वस्तूचा इतका अपमान करून तिला घरी आणलंत, ती रुसणार नाही तर काय करेल?"

हा तो अन्याय. घासाघीस करून मी फसलो, हे वाक्य आजवर माझ्या तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. माझा भाव चुकला असं म्हणा, मी दिवसभर वाद घालीन. पण माझा माल वाईट? मी तिथल्या तिथे शपथ घेतली की मॉनिटर निर्दोष आहे हे यांच्या तोंडून वदवून घेईन, तेही तमिळमध्ये.

पण दोष सापडेना. काकांनी आधी दृष्ट लागली असेल म्हणून कॉम्प्युटरवर कोहळा टांगला. मग व्हायरसचा संशय आला, तेव्हा कडुलिंबाच्या पाण्यानं स्क्रीन पुसली. मी एक अख्खी सकाळ त्यांच्या शेजारी पाळतीवर बसलो. काका समोर असेपर्यंत एकही नातेवाईक हलला नाही. काका स्विच बंद करून कॉफीला गेले की सगळे पळाले. म्हणजे चोर अंधारात येतो, हे उघड झालं. दुसऱ्या दिवशी काका कॉफीला गेल्यावर मी त्या काळ्या स्क्रीनसमोर हातात फूटपट्टी घेऊन पहारा दिला. आत काही हालचाल ऐकू येते का म्हणून कानही लावला. तेवढ्यात माझी बायको आली. तिनं मला बघितलं, दार हलकेच लोटलं आणि गेली. त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी फार मऊ वागत होती.

आणि प्रकरण चेष्टेचं राहिलं नव्हतं. दरवर्षी कुळाचाराच्या रविवारी सगळं घराणं काकांकडे जेवायला जमतं आणि पानं मांडली की पहिल्या घासाआधी काका वंशावळ दाखवतात. गेल्या खेपेला ती विस्कटलेली दिसली. ओरत्तनाडूच्या आत्यांनी स्वतःला त्या दिराशेजारी पाहिलं आणि पानावरून उठल्या. तेव्हा चेन्नईचा पुतण्या सगळ्यांदेखत म्हणाला, "चित्तप्पा, पोदुम. झालं तेवढं पुरे. आता तुमच्याच्यानं होत नाही. पुढच्या वेळी पुन्हा असं झालं तर मी हे सगळं माझ्या मोबाइलवर घेतो. तुम्ही आराम करा." काकांनी ताकाचं भांडं बाजूला सारलं. ताटात भात होता, तो त्यांनी ताकाशिवाय खाल्ला. तंजावूरच्या माणसानं ताकभाताशिवाय हात धुतला की समजावं, फार लागलंय.

यंदाचा रविवार चार दिवसांवर आला, तेव्हा मी मेडिकल कॉलेज रस्त्यावरच्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या बाईंना घेऊन आलो. बाईंनी कोहळ्याकडे पाहिलं, केबलकडे पाहिलं आणि विचारलं, "सार, हा स्विच तुम्ही बंद करता?"

"मग कोण करणार?" काका म्हणाले. "माझं घर आहे."

"तेच तर. जुन्या मॉनिटरची निळी केबल मुकी होती. ही नवी केबल बोलते. तुम्ही स्विच बंद केला की ती आत जाऊन सांगते, मॉनिटर गेला. मग कॉम्प्युटर म्हणतो, एवढा मोठा पसारा कुणासाठी मांडू? तो स्क्रीन लहान करतो आणि सगळ्यांना कोपऱ्यात दाटून बसवतो. तुम्ही परत स्विच लावला की जागा मोठी होते, पण माणसं दाटलेलीच राहतात."

काकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "केबल फुकट आणलेली ना, जावईबापू?"

मी कोहळ्याकडे बघत राहिलो. जुनी केबल परत लावावी तर नव्या मॉनिटरला तिचं भोकच नव्हतं.

"सोपं आहे," बाई म्हणाल्या. "स्विच बंद करू नका. तो आपोआप झोपतो."

"झोपतो, पण तो तांबडा दिवा जळतोच ना?"

"अगदी थोडी वीज लागते, सार."

"बाई, मी जन्मभर ही थोडी वीजच वाचत आलो."

बाईंनी ओळखलं की इथं डोकं फोडून उपयोग नाही. त्यांनी पिशवीतून अंगठ्याएवढा एक प्लग काढला. तो केबल आणि कॉम्प्युटरच्या मध्ये बसवायचा. मॉनिटर बंद असला तरी हा प्लग आत सांगत राहतो, आहे, इथंच आहे. काकांच्या कपाळावर आठी पडली. "म्हणजे कॉम्प्युटरशी खोटं बोलायचं? मी आयुष्यात एक आकडा खोटा लिहिला नाही."

"थोडंसंच, सार."

काकांनी प्लग हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला. त्यांच्या डोळ्यांसमोर चेन्नईचा मोबाइल असावा. मग पंचांगात बघून म्हणाले, "राहुकाळ संपला की लावा."

मी त्या प्लगचा भावसुद्धा केला नाही. माझ्या चरित्रात ही गोष्ट लिहून ठेवायला हरकत नाही.

रविवारी घर भरलं. सांबाराचा वास ओसरीपर्यंत आला होता. काकांनी सगळ्यांसमोर मॉनिटर लावला आणि वंशावळ दाखवली. मग त्यांनी मुद्दाम स्विच बंद केला. चेन्नईच्या पुतण्यानं खिशातून मोबाइल काढून ठेवला होता. काकांनी स्विच लावला. एकही माणूस हललं नव्हतं! मूळपुरुष वर, पोर खाली, आत्या नवऱ्याशेजारी. काकांनी पुन्हा बंद केला, पुन्हा लावला. मग त्यांना चढलीच. पाच वेळा, सहा वेळा, टप बंद, टप चालू. पोरं टाळ्या पिटायला लागली. ओरत्तनाडूच्या आत्यांनी स्वतःच्या फोल्डरला बोट लावून बघितलं आणि म्हणाल्या, "हाय की. जागेवर हाय मी." पुतण्यानं मोबाइल खिशात टाकला. "सरि, चित्तप्पा. हे तुमच्याकडेच राहू द्या." काकांनी त्या दिवशी तीनदा ताकभात घेतला, आणि हात धुताना भरल्या घरात मला म्हणाले, "माप्पिळ्ळै, मॉनिटर फर्स्टक्लास."

मी एवढा फुगलो की सोमवारी सकाळी तेच वाक्य पुन्हा ऐकायला दुकान उघडायच्या आधी त्यांच्याकडे गेलो.

काका स्क्रीनसमोर बसले होते. हात मांडीवर. सगळे जागच्या जागी होते. मी म्हटलं, "काय काका, बघताय?"

"बघून झालं," ते म्हणाले.

घर फार शांत होतं. वर्षभर मी रोज सकाळी या दारावरून दुकानाला जाताना आतून त्यांची बडबड ऐकत आलो होतो, आणि ते माझ्या मॉनिटरला शिव्या देताहेत असं समजून तसाच संतापत पुढं जात होतो. आत्ता ती बडबड बंद झाल्यावर मला तिच्यातले शब्द आठवले. "या अण्णा, तुम्ही वर बसा. तू गं, अशी लांब का? सरक, तुझा नवरा येतोय." दोन तास लागायचे त्यांना. रोज सगळं घराणं हाताला धरून आणायचं आणि एकेकाला बसवायचं. फोन कुणाचाच येत नसे. काकू जाऊन चार वर्षं झाली होती.

"कॉफी घेता का?" त्यांनी विचारलं, आणि उठताना मॉनिटर बंद केला.

ते स्वयंपाकघरात गेल्यावर मी टेबलामागे वाकलो, तो प्लग ओढून काढला, केबल थेट लावली आणि प्लग खिशात टाकला. काका पेले घेऊन आले. स्विच लावला. सगळं गणगोत कोपऱ्यात.

"अय्यो!" ते म्हणाले. बऱ्याच दिवसांत मी त्यांचा एवढा ताजा आवाज ऐकला नव्हता. "हे काय, जावईबापू?"

"फसलो, काका," मी म्हटलं. हे शब्द माझ्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा बाहेर पडत होते. "प्लग खराब निघाला. आता दुसरा मिळतोय कुठं! कुळाचार जवळ आला की बघू."

त्यांनी ऐकलं की नाही, देव जाणे. चष्मा नाकावर सरकवून ते पुढं वाकले होते. गर्दीतून त्यांनी आधी काकूंना बाहेर काढलं आणि आपल्या शेजारी आणून ठेवलं. "बस. बाकीचे येतील सावकाश." मग मूळपुरुष, मग त्यांचे मुलगे. मीही खुर्ची ओढून बसलो. दुकान थोडं उशिरा उघडलं म्हणून पितळ गंजत नाही. ओरत्तनाडूच्या आत्यांपाशी त्यांचा हात थांबला. "हिचा नवरा कोणता, माप्पिळ्ळै?" त्यांनी विचारलं. मी दाखवला. थोड्या वेळानं त्यांनी तेच पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा दाखवला.