परमिटचाचा बोर्दोला जातात

परमिटचाचा कुठल्याही सायकलवर बसण्याआधी तिला एक प्रदक्षिणा घालत. चाकं दाबून बघत, ब्रेक ओढत, साखळीला बोट लावून ते बोट नाकाशी नेत, आणि मग खिशातून हिरवा टॅग काढून, त्यावर तारीख आणि मुदत घालून, सही करून तो हँडलला अडकवत. काही खोट निघाली तर लाल टॅग. लाल टॅग लागलेली सायकल, ती कुणाचीही असो, त्या शुक्रवारी चालत नसे. माझ्या नवऱ्याची, मंदारची, नवीकोरी सायकल दुकानातून आणल्याच्या दुसऱ्या दिवशीच लाल ठरली, कारण तिला घंटी नव्हती. मंदार म्हणाला, "चाचा, या सायकलींना घंटी नसतेच." चाचा म्हणाले, "मग या सायकलींनी घरात बसावं."

ते एका गॅस कंपनीत सेफ्टी ऑफिसर होते. परांचीला हिरवा टॅग असेल तरच माणसाने वर चढायचं, लाल असेल तर ती वापरायची नाही. हा टॅग कोणता ते ठरवण्याचं काम त्यांनी कतारमध्ये एकतीस वर्षं केलं. मूळ गाव दापोलीकडचं. बायको, मुलं, सुना सगळे गावी, आणि हे दोह्यात, अल अझीझियात, एका खोलीत एकटे. मी त्याच कंपनीत पाइपिंगची ड्रॉइंग्ज करायचे. साइटवर काम करायला परमिट लागतं, आणि माझं पहिलं परमिट त्यांनी तीन वेळा परत पाठवलं. चौथ्यांदा सही करताना माझं आडनाव वाचून विचारलं, "मराठी ना गो तू? मग अक्षर असं का?" ओळख तिथून झाली. परमिटचाचा हे नाव साइटवर आधीपासून होतं; आम्ही ते घरी आणलं.

शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, पहाटेची फजरची नमाज आटोपून ते अल सद्दला आमच्या इमारतीखाली येत. सायकली तपासून झाल्या की टूलबॉक्स टॉक व्हायचा, म्हणजे काम सुरू करण्याआधी मजुरांना धोके समजावतात ते पाच मिनिटांचं भाषण. श्रोते दोन, मी आणि मंदार. आम्हाला रांगेत उभं राहावं लागे. "आज दमट हवा आहे. चष्म्यावर वाफ धरेल. वाफ धरली तर थांबा, पुसा, मग चला. प्रश्न?" प्रश्न नसला तरी एक विचारावा लागे, नाहीतर आम्ही ऐकलंच नाही असं ते धरून चालत.

मग आम्ही निघायचो. चाचांचा वेग असा की, सकाळी चालायला आलेल्या बायका आम्हाला मागे टाकून जात आणि वळून हसत. मंदारला याचा फार राग. एकदा तो पुढे निघून गेला आणि पुढच्या सिग्नलला आमची वाट बघत उभा राहिला. चाचा शांतपणे त्याच्या शेजारी येऊन थांबले. "घाई करणारा आधी पोचतो," ते म्हणाले. "कुठे पोचतो ते मी एकतीस वर्षं रिपोर्टात लिहितोय." मंदार त्यानंतर पुढे गेला नाही. परतताना आम्ही टपरीवर करक चहा घ्यायचो आणि तो संपेपर्यंत कुणी सायकलला हात लावायचा नाही, असाही एक नियम होता.

अशाच एका चहाच्या वेळी मंदारने फ्रान्सची गोष्ट काढली. बोर्दोच्या बाजूला द्राक्षांच्या बागांमधून, गाइड आणि ग्रुपबरोबर, आठवडाभराची सायकल सहल. दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर, सामान व्हॅनमधून पुढच्या मुक्कामी, वाटेत वाइनच्या बागांना भेटी.

"कंपनीचं काम?" चाचांनी विचारलं.

"नाही."

"कुणाचं लग्न?"

"नाही चाचा."

"कोण वारलं?"

"कुणी नाही. फिरायला."

चाचांनी अख्खा कप संपवला. मग म्हणाले, "मला पण घ्या." चाचा पाच वेळचे नमाजी. मंदारने आडून आडून वाइनचा विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, "बागेतूनच जायचंय ना? बाग काय हराम नाही." मग कपाच्या तळाकडे बघत पुढचं बोलले. सप्टेंबरात ते साठ पूर्ण करून निवृत्त होणार होते. कतारचं ओळखपत्र रद्द झालं की इथून व्हिसा मिळणार नाही, आणि एकदा गावी गेलं की गाव सोडत नाही. "एकतीस वर्षांत मी जिथे गेलो तिथे कशासाठी तरी गेलो. कामाला, लग्नाला, मयताला. एकदा कशासाठीच नाही, असं जायचंय. बघू जमतं का."

तयारी त्यांनीच हातात घेतली. दोह्यात चढ नाही, म्हणून ते एका मॉलच्या बहुमजली पार्किंगच्या उतारावर सकाळी सायकल चढवू लागले. तिथल्या नेपाळी गार्डने विचारलं, "चाचा, एक्सरसाइज?" चाचांनी मान हलवली. "फ्रान्स," ते म्हणाले. संपूर्ण सहलीचा त्यांनी धोक्यांचा तक्ताही केला. कुत्रा, ओला रस्ता, मधमाश्या, सगळं त्यात होतं. नववा धोका, सहकाऱ्यांनी वाइनची चव घेणे. उपाय, चव घेणाऱ्याच्या सायकलला दोन तास लाल टॅग. आम्ही न वाचता सही केली. सेफ्टीचे कागद सगळे तशीच सही करतात, आणि ही चूक मी तरी करायला नको होती.

मेच्या अखेरीस आम्ही गेलो. पहिल्याच बागेत आम्ही दोन घोट घेतले, बाहेर आलो, तर दोन्ही सायकलींना लाल टॅग लटकत होते. चाचा सावलीत बसून घड्याळ बघत होते. गाइड मुलीला त्यांनी तक्ता दाखवला, आमच्या सह्या दाखवल्या. तिने असं आयुष्यात पाहिलं नव्हतं, पण सही म्हणजे सही हे तिलाही पटलं. बाकीचा ग्रुप पुढे गेला. त्या दिवसापासून प्रत्येक बागेत आमचा दोन तासांचा मुक्काम पडला. आठवडाभर आम्ही जितकं सावकाश फिरलो तितकं सावकाश त्या रस्त्यांवरून कुणी फिरलं नसेल.

चौथ्या दिवशी अशाच दोन तासांत चाचा वेलींमध्ये शिरले आणि खाली बसून मला हाका मारू लागले. "अगो पोरी, इकडे ये! हे कलम आहे!" जमिनीपासून वीतभर वर खोडाला गाठ आली होती, तिच्यावर बोट ठेवून ते बसले होते. मी नाशिककडची, माझ्या वडिलांची द्राक्षबाग आहे. मी सांगितलं, खाली खुंट दुसऱ्या जातीचा, इथे तर अमेरिकेतून आणलेला, वरचा वेल मात्र इथला. मूळ परदेशातलं, फळ गावचं. चाचा बराच वेळ त्या गाठीवर बोट फिरवत राहिले.

"आमचं उलटं," ते म्हणाले. "चांगलं धरलंय पण."

एवढ्यात बागेची मालकीण आली, सत्तरीची, रबरी बूट घातलेली. वेलीला कोण हात लावतंय ते बघायला ती आली होती. चाचांनी फोन काढून तिला दापोलीची आपली हापूसची कलमं दाखवली, प्रत्येक रजेला एक लावलेलं, अशी पंचवीस. पाचर कशी मारतात ते बोटांनी दाखवलं. तिने आपली पद्धत बोटांनी दाखवली. चाचा कोकणीत बोलत होते, बाई फ्रेंचमध्ये, आणि दोघांचंही एकमेकांशी काही बाबतीत पटत नव्हतं, हे मला स्पष्ट दिसलं. शेवटी तिने त्यांना गेल्या हंगामातल्या द्राक्षरसाची बाटली दिली. चाचांनी लेबल तीनदा तपासून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टूलबॉक्स टॉकला चाचा लंगडत आले. त्यांच्या शर्टाच्या गुंडीला लाल टॅग होता. तारीख, सही, सगळं व्यवस्थित.

"गुडघा नापास," ते म्हणाले. "पार्किंगमध्येच दुखत होता. मी लपवला. सेफ्टी ऑफिसरने लपवला, हे रिपोर्टात येईल."

मला रडू आलं. तीन दिवस राहिले होते. मी म्हटलं, सामानाच्या व्हॅनमधून चला. ते म्हणाले, "व्हॅनमध्ये गेलो की मी सामान झालो. तुम्ही जा. त्या बाईकडे खोली आहे, मी तिथे थांबतो. कशासाठीच नाही यायचं होतं ना मला? मग इथे बसलो काय नि पुढे जाऊन बसलो काय. यल्ला, निघा. घंटी वाजवा."

तीन दिवसांनी आम्ही त्यांना न्यायला परत गेलो. बागेच्या शेडमध्ये सहा शिड्या ओळीने उभ्या होत्या. चार शिड्यांना हिरवे टॅग, दोन शिड्यांना लाल. ट्रॅक्टरला लाल. मालकीण वेली तारेला बांधत होती, आणि शेजारच्या रांगेत स्टुलावर बसून, लंगडा पाय लांब करून, चाचाही बांधत होते. आम्हाला बघून ते ओशाळले. त्यांना ओशाळलेलं मी त्या एकाच वेळी पाहिलं.

"एक दिवस बसलो," ते म्हणाले. "पूर्ण एक दिवस. विचार तिला. मग शिडीची पायरी हललेली दिसली."

परतताना विमानात, दोहा जवळ आल्यावर, ते एवढंच म्हणाले, "नाही जमलं. खलास." मी काहीतरी समजुतीचं बोलले, पण ते खोटं होतं हे आम्हा दोघांनाही कळलं.

सप्टेंबरात ते गावी परत गेले. विमानतळावर त्यांनी मला उरलेले हिरवे टॅग दिले, लाल स्वतःकडे ठेवले. "गावाला जास्त लागतील," ते म्हणाले. लागलेही असावेत. पहिल्या काही महिन्यांत फोन केला की चाचा कधी शाळेच्या जिन्यावर असत, कधी कुणाच्या विहिरीच्या पंपाशी, कधी उरुसाच्या मांडवाखाली. पंचक्रोशीतलं काहीही डुगडुगलं की लोक त्यांनाच बोलावत. गुडघा विचारला की म्हणत, "चालू आहे." मला काळजी वाटे. माझं त्यांच्याशी रक्ताचं नातं नाही, पण परक्या मुलखात सात वर्षं दर शुक्रवारी माझी सायकल तपासणारा माणूस होता तो, आणि त्यांच्यामागे माझा शुक्रवार ओका पडला, हे सरळ सांगते.

गेल्या महिन्यात फोन केला, तर आवाज नेहमीपेक्षा जवळून आला.

"कुठे आहात चाचा?"

"अंगणात."

"काय करताय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काहीच नाही गो. बसलोय. आज सहावा दिवस."

मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, ठणठणीत. फोन ठेवल्यावर थोड्या वेळाने फोटो आला. हापूसच्या कलमाखाली खुर्ची, खुर्चीत चाचा, पाय स्टुलावर. शर्टाच्या गुंडीला लाल टॅग. मी फोटो मोठा करून बघितला. टॅगवर छापलेलं होतं तेच, वापरू नये. खाली तारीख होती. सही मात्र त्यांची नव्हती. जाड, वळणदार, उर्दू अक्षरात बायकोची होती, आणि मुदतीच्या जागी तिने आडवी रेघ मारली होती.

त्या शुक्रवारी मी चहाचा कप घेऊन खाली उतरले, सायकलला प्रदक्षिणा घातली, ब्रेक ओढले, घंटी वाजवून बघितली. सगळं ठीक होतं. मी हिरवा टॅग लावला, सही केली, आणि सायकल तशीच ठेवून चहा संपेपर्यंत तिच्याशेजारी बसून राहिले.