पाणी कुठं मुरतंय?

आमच्या धंद्यात किस्से शोधावे लागत नाहीत. खड्डा खणायचा, त्यात पाणी ओतायचं आणि ते किती वेळात किती उतरतं, हे पट्टी लावून बघत बसायचं. घराच्या सेप्टिक टँकचं पाणी जिरवायला जागा चालेल का, ते यावरून कळतं. दोन माणसं तासन्‌तास खड्ड्यात डोकावतायत म्हटल्यावर गाव घरी थांबतंय होय? आणि येणारा प्रत्येक जण संशय घेऊनच येतो!

ती दोन माणसं म्हणजे मी आणि अन्वरभाई. खणायचं काम त्यांचं, बोलणी खायचं माझं.

*

युसूफ वडगाव या गावात घरमालकीण आजी काठी टेकत आल्या.

"काय निघालं?"

"मातीच आहे, आजी."

"मातीसाठी कुणी घड्याळ लावून बसतं व्हय? हंडा निघाला तर ध्यानात ठेवा, उतारा माझ्या नावावर हाय!"

संध्याकाळी आम्ही खड्डा बुजवला. आजी म्हणाल्या, "बुजवायची एवढी घाई कावून?"

पुन्हा उकरून दाखवावा लागला!

*

एका टँकरच्या गावात खड्ड्यात पाणी ओतत होतो. एक बाई डोक्यावरचा हंडा सावरत थांबली.

अन्वरभाई घाईघाईनं म्हणाले, "मावशी, मातीची तहान मोजायलोत!"

"मग आधी आमची मोजा!"

त्या दिवशी टेस्ट झाली नाही. टेस्टसाठी आणलेल्या पाण्याचे उरलेले दोन्ही ड्रम तिच्या दारात रिकामे केले.

*

माजलगावला कालव्याकाठचा प्लॉट. मालकाला आमच्या पट्टीवर भरवसाच नव्हता. त्यानं स्वतःची पट्टी आणून खड्ड्यात रोवली. तासाभरानं ओरडला, "साहेब, पाणी वाढलं!"

खालूनच पाझर लागला होता. भूजल इतकं वर, म्हणजे घाण थेट त्यात मिसळणार; शोषखड्डा बादच. तसं सांगितलं, तर भडकला.

"सगळा जिल्हा पाण्यासाठी मरायलाय, अन् पाणी लागलं म्हणून तुमी मला नापास करता? कुणी पाठवलं बे तुमाला?"

*

केजकडच्या एका वस्तीवर ऊसतोडीहून परतलेलं कुटुंब. मुरमाची जमीन, झकास निकाल. पण घरातली बाई काही हसेना.

"मागल्या टायमाला आमी कारखान्याला गेलतो, तवा कागदावर संडास बांधला आमचा. फोटो दुसऱ्याच्याच संडासाचा!"

ती सरळ खड्ड्यात उतरली. कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "काढा आता फोटो. खड्डा दिसू द्या, अन् मी बी दिसू द्या!"

*

आणि हे अप्पा. मोठे बागायतदार, गावचे पुढारी. त्यांच्या संडासाच्या टाकीपासून वीस पावलांवर त्यांचीच विहीर, आणि अख्खी गल्ली तीच पिते. गल्लीत पोरांना सारखे जुलाब. शेजाऱ्यांनी तक्रार केली.

"हे राजकारण हाय!" अप्पा गरजले. "माझी टाकी पक्की. थेंब बाहेर जात न्हाई. करा काय करायचं ते!"

आम्ही त्यांच्यासमोरच त्यांच्या संडासात तपासणीचा हिरवा रंग ओतला. निकाल लागेपर्यंत विहिरीचं पाणी कुणी पिऊ नका, असं गल्लीभर सांगून आलो. अप्पा नुसते हसले.

चौथ्या दिवशी सकाळी गेलो. अप्पा ओसरीवर चार माणसं घेऊन बसलेले. "या साहेब! काय झालं का तुमच्या रंगाचं?" आणि आत हाक मारली, "अगं, पाव्हण्यांला आपल्या विहिरीचं पाणी आण!"

काकू काचेचे ग्लास घेऊन आल्या. अप्पांनी एकदा ट्रेकडं बघितलं आणि वैतागले.

"अगं, सरबत कावून आणलं? आधी पाणी दे!"

काकूंनी ट्रे त्यांच्यासमोर ठेवला.

"पाणीच हाय ते."