पिल्लाचा आवाज

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. माझ्या मुलीला तर — नाहीच. तुम्हाला का सांगतेय, तेही नीट कळत नाही. तुम्ही माझ्या घरी कधी येणार नाही, म्हणून असेल.

दिंडोरीपासून थोडा आत आमचा द्राक्षमळा. बागेचं सगळं नवरा आणि दीर बघायचे. गावरान कोंबड्या तेवढ्या माझ्या. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. आणि एक रानमांजर त्या नेऊ लागलं. सकाळी खुराड्यापाशी पिसं, रक्त, एखादा पाय. एकदा अंड्यांवर बसलेली कोंबडी — मानच नव्हती तिला. मला राग आला. कसा सांगू तो राग? भाकरी थापतानाही माझे दात आवळलेले असायचे.

सोमनाथनं, माझ्या दिरानं, मोबाइलवर सशाच्या ओरडण्याचा आवाज आणून दिला. फासात अडकलेला ससा कसा ओरडतो, ऐकलंय कधी? तान्ह्या मुलासारखा.

"वहिनी, थोडं वाजवायचं अन् गप बसायचं," तो म्हणाला. "सारखं वाजवलं तर त्याला कळतं. अन् वारा त्याच्याकडून आपल्याकडं पाहिजे."

उतरत्या उन्हात मी फावडं घेऊन कुंपणाआड बसायचे. मांजर यायचं. पण लांबच बसायचं, बघायचं, निघून जायचं.

मग प्राजूनं सांगितलं. माझी मुलगी, तेव्हा दुसरीत होती. माझ्या कानाला तोंड लावून म्हणाली, "मम्मी, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागं मांजराची पिल्लं हायेत. तीन! कोणाला सांगू नको हं. पप्पांना पण नको."

शाळेतून आली की ती त्यांना चोरून दूध न्यायची. मी म्हणाले, "नाही सांगत." आणि नाहीच सांगितलं मी कोणाला — तेवढं खरं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. माणसं बागेच्या पलीकडच्या टोकाला फवारणीत होती. मी मोटारीच्या खोलीमागं गेले आणि एक पिल्लू उचललं. आधी नुसतं हातात धरलं. ते ओरडेना — माझ्या हाताची ऊब लागली असेल, गप्प पडून राहिलं. तेव्हा मी त्याचा मागचा पाय पिरगाळला.

मोडल्याचं बोटांना कळलं माझ्या. मग मी जरा थांबले. आणि पुन्हा पिरगाळला. थोडं वाजवायचं, गप बसायचं — तसंच.

त्याची आई आली. सशाच्या आवाजाला लांब बसणारी ती — भर दिवसा, उघड्यावरून, सरळ माझ्या अंगावर आली. फावड्याचा पहिला घाव तिच्या कमरेत बसला. मागचे पाय गेले. तरी पळाली नाही. पुढच्या पायांवर खुरडत पिल्लाकडंच येत होती. तिथं तरी हात थांबायला नको होता का माझा? डोकं फुटलं तरी मी मारत होते. चेहरा राहिला नाही तरी मारत होते. दमले, तेव्हा थांबले. आणि खरं सांगू? बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी अंग हलकं वाटलं.

संध्याकाळी प्राजू दुधाची वाटी तशीच भरलेली घेऊन परत आली.

"मम्मी, पिल्लं नायत."

"अगं, त्यांची आई घेऊन गेली. तोंडात धरून, एकेक. मी बघितलं ना."

"कुठं?"

"डोंगराकडं."

ती रडली नाही. हसली. मला बिलगली.

आता ती दहावीत आहे. मध्यंतरी माझ्या बहिणीकडं जेवायला बसलो होतो, तिथं ती मावशीला सांगत होती, "मी बघितलंय गं मावशी. एकेक पिल्लू तोंडात धरून ती डोंगराकडं गेली. आम्ही दोघी उभ्या होतो. हो ना मम्मी?"

सगळे माझ्याकडं बघत होते. "हो," मी म्हणाले, आणि तिला भात वाढला.

डोंगराकडं कोणी गेलं नाही. आईला मी नाल्यात पुरलं. पिल्लं खताच्या गोणीत घातली, वर दगड टाकला, तोंड बांधलं आणि गोणी शेततळ्यात सोडली. दोन गप्प होती. पाय मोडलेलं पाण्यात जाईपर्यंत ओरडत होतं.