वेनिंगने सांगितलेली ओळ

जावातल्या मालांगच्या आमच्या तंत्रशाळेत वेनिंग संगणक शिकवायची, मी गणित. शाळा सुटली की ती आणि कॉलेजात तिच्या दोन वर्षं मागे असलेला पांजी मिळून एक गेम करत. दारोदार टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकणाऱ्या म्हातारीचा. चित्रं आणि गोष्ट पांजीची, बाकी सगळं वेनिंगचं. नवी आवृत्ती खेळणाऱ्यांपर्यंत पोचवायचं कामही तिचंच. संगणकाच्या काळ्या खिडकीत आज्ञेची एक ओळ टाइप केली की बदललेला तेवढाच भाग वर चढायचा. तिच्या गल्लीतल्या रडक्या इंटरनेटवर दुसरं काही चाललंच नसतं. चार वर्षांत तिने दोनशेवर अपडेट चढवले.

गेमचं नाव झालं आणि जकार्तातल्या एका कंपनीने पांजीला गेमसकट बोलावलं. गेम वर चढवायचं खातं त्याच्याच नावावर होतं. एका सोमवारी मधल्या सुट्टीत वेनिंगने नेहमीची ओळ टाइप केली, तर उत्तर आलं, परवानगी नाही. तिने पांजीला फोन लावला. तो तिला म्बाक म्हणायचा, म्हणजे ताई.

"हो म्बाक, पासवर्ड बदललाय. कंपनीचा नियम आहे," तो म्हणाला. "तू आता आराम कर जरा."

तीन आठवड्यांनी त्याचाच फोन आला. आम्ही कॅन्टीनमध्ये सोतो सूप खात होतो. कंपनीतल्या कुणीतरी विंडोजवाल्यांना मॅकची फाइल पाठवली होती. गेम उघडत नव्हता, लोक शिव्या घालत होते.

"म्बाक, ती ओळ तेवढी सांग ना. इथे तुझ्यासारखं कुणाला जमत नाही."

"मस्का नको मारूस. लिहून घे."

मी नको नको म्हणून खुणावत होते. तिने अक्षर न् अक्षर सांगितलं, मोकळी जागा कुठे, रेघा किती. तीन मिनिटांत अपडेट चढला.

"खेळणाऱ्यांचा काय दोष?" ती मला म्हणाली.

नीट चढला का ते बघायला तिने घरी गेम उतरवून घेतला. चालत होता. मग तिने गेम करणाऱ्यांची नामावली उघडली. पांजी, कंपनीची अकरा माणसं, पांजीची मांजर. वेनिंग कुठेच नव्हती. आदल्या आवृत्तीपर्यंत होती. तिने सांगितलेल्या ओळीनेच नवी यादी वर चढली होती.

"यादी कंपनीने केली, म्बाक. मनाला लावून घेऊ नकोस," पांजी म्हणाला. त्यानंतर त्याने तिचा फोन उचलला नाही.

वेनिंगने पुन्हा गेम केला नाही. मी एकदा म्हटलं, "तू सांगायलाच नको होतंस."

"हो ना," ती वह्या तपासत म्हणाली. "गेम मोडका राहिला असता. पण माझं नाव असलेला."