उज्ज्वलाच्या गोगलगायी आणि माझ्या

खोटं कशाला बोलू, आज सकाळपासून माझ्या पोटात दुखून राह्यलंय.

रविवार म्हणून पिंपळगाव रेणुकाईला शेतात गेल्ते. सोयाबीनवर गोगलगायी पडल्यात. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधावर टाकायची, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या, हेच चाललंय सध्या.

तेवढ्यात उज्ज्वलाचा फोन. एम.एस्सी.ला आम्ही एका खोलीत राहायचो. मी आता भोकरदनला बारावीला जीवशास्त्र शिकवते, ती अंदमानात संशोधन करते.

"अगं, झालं जाहीर! गोगलगायींची नवी प्रजाती!"

म्हणजे एखादी जात न्हाई, जातींचं अख्खं नवं घराणं. शंख बघून आजवर सगळे त्यांना जुन्याच घराण्यात धरायचे. हिनं चिरून आतली रचना बघितली, तर बिलकुल वेगळी निघाली.

"शंखावर जाऊ नको, आत बघ," हे प्रॅक्टिकलला तिला कोण सांगायचं? मीच!

"अभिनंदन गं," म्हणाले. आवाज बराबर गोड काढला. हातात बादली, बादलीत गोगलगायींचा फेस.

फोन ठेवून पुढची गोगलगाय उचलली आणि उलटी करून बघतच बसले. सासूबाई बांधावरून ओरडल्या, "काय बघून राह्यलीस? टाक मिठात!"

टाकली.

तुम्हालाबी आहे का अशी एखादी मैत्रीण? खरं सांगा.

उज्ज्वलाच्या पोस्टवर पहिला बदाम माझाच आहे. पण शंखावर जाऊ नका.