आतल्या खोलीचा पत्ता

मल्लिनाथ पोटापाण्यासाठी काय करतो, हे त्याच्या आईला उमरग्यात कुणालाच धड सांगता येत नाही. "लोकांच्या वेबसाइटी फोडतो, पण इचारून फोडतो," असं प्रेमाबाई एकदा हळदीकुंकवात म्हणाल्या आणि शेजारणीनं हळूच आपली पर्स पदराखाली घेतली. खरं तर बाईंनी अचूक सांगितलं होतं. मालकाची लेखी परवानगी आल्याशिवाय मल्लिनाथ कुणाच्या साइटच्या उंबऱ्याला पाय लावत नाही. परवानगी आली, की मात्र घराला किती दारं आहेत आणि त्यातलं कुठलं नुसतं लोटलेलं आहे, हे तो मालकाच्या आधी शोधून काढतो. हायवेला वडलांचं टायरचं दुकान आहे, त्याच्या माळ्यावर बसून. खाली वडील भोकं शोधतात, वर मुलगा. धंदा एकच, फक्त वरच्याला हात काळे होत नाहीत, असं वडलांचं म्हणणं.

शंभुलिंगकाकांचं काम त्यानं शेजारधर्म म्हणून घेतलं. काका कापडाचे व्यापारी, पण जीव सगळा वधूवर मंडळात. मंडळाच्या साइटवर कुणीतरी रमीची जाहिरात चिकटवून गेलं, तेव्हा काका माळ्याचा जिना धापा टाकत चढून आले.

"मल्ल्या, पोरींचे फोटो ठिवलेत तिथं पत्ते खेळायलेत की रे लोकं! काय बघायचं ते बघ. समदं उघडून बघ." आणि परवानगीच्या पत्रावर दुकानाचा शिक्का दोनदा मारला.

जाहिरात लगेच निघाली. मग मल्लिनाथनं नेहमीची रीत केली. साइटच्या नावापुढं आणखी एक शब्द जोडला, की त्याच नावाची दुसरी साइट उभी करता येते, घराला लागून खोली काढावी तशी. तिचा पत्ता कुठं दिलेला नसतो. पण नावं घेऊन हाका मारत गेलं, तर एखादी ओ देते. मल्लिनाथपाशी अशा हजारो इंग्रजी हाका तयार असतात. एकीलाही ओ आली नाही. तेव्हा त्यानं काकांच्याच तोंडातले शब्द घातले. दुकान, माळवद, परसू. शेवटी आतली खोली.

आतल्या खोलीनं ओ दिली. पासवर्ड नाही, काही नाही. फोटोंमागून फोटो, सगळ्या बायका, आणि प्रत्येकीची पूर्ण माहिती.

"काका, हे काय?"

काका ओशाळले. "पुनर्विवाहाच्या हायत त्या. आईबापाला वाटतं, चारचौघांत नको. म्हणून आत ठिवल्या. ज्याला खरंच करायचंय, त्यालाच आमी पत्ता देतो."

"आणि कुलूप?"

"आतल्या खोलीला कुलूप कोण लावतंय बाबा? तिथं परका येतोय कशाला?"

काकांचं चुकलं तरी कसं म्हणायचं? आपल्याकडं पाहुणा बाहेरच्या खोलीतच थांबतो. घरातली झाकायची गोष्ट आत असते आणि तिची राखण पाहुण्याची लाजच करते. इथं मात्र लाज नसलेला पाहुणाही आत येऊन बसू शकत होता.

प्रत्येक बायोडेटाखाली "हे स्थळ इतक्यांदा पाहिले" असा आकडा होता. बाकीच्यांचे आकडे जेमतेम. एकीचा भलताच फुगलेला. मल्लिनाथनं तो उघडला, आकडा एकानं वाढला. ते त्याचं स्वतःचं बघणं. खालून चहा आला. काकांनी बशीत ओतून प्यायला. मल्लिनाथनं पान पुन्हा उघडलं, तर आकडा एकानं नव्हे, कितीतरी पुढं सरकलेला.

"काका, आत्ता या घडीला कुणीतरी हिलाच बघतंय. परत परत."

"बघू दे की! जमंल एखाद्याचं..." म्हणत काकांनी चष्मा लावला. फोटो बघितला आणि हसू तिथंच थांबलं.

"ही भुवनेश्वरी. हिच्या पहिल्या नवऱ्यानं कोर्टाच्या दारात सांगितलं हुतं, जिथं जाशील तिथं येतो. माझा पत्ता कळू देऊ नका म्हणून रडली हुती रे माझ्यापुढं."

पत्ता काकांनीच मोठ्या मायेनं लिहिला होता : मुलगी कष्टाळू, भूम येथे मामांकडे असते, स्टँडमागच्या शिवणक्लासात शिकवते.

जाहिरात काढायला काकांनी दिलेला पासवर्ड घालून मल्लिनाथनं ती खोलीच पाडून टाकली. काकांनी तोवर तिला फोन लावला.

"काका, तुमीच पाठिवलं का ओ त्याला?" ती दबक्या आवाजात बोलत होती. "सकाळपासनं क्लाससमोर मोबाइल बघत उभाय. मी मागच्या दारानं निघाले. गाडीत बसलेय, पण गाडी सुटंना झालीय."

"न्हाय गं माय, आमी कशाला... कुठली गाडी?"

ती म्हणाली, "आता ते तुमाला बी सांगत न्हाय."

मल्लिनाथ कोपऱ्यात भूमच्या पोलीस ठाण्याला फोन लावत होता, तेवढ्यात काकांचा वाजला. नंबर अनोळखी, आवाज अगदी अदबीचा, आधी नमस्कार घालणारा. "शरणू, काका. ती तुमची आतली साइट उघडंना झाली ओ. एकाला फोटो दावायचा हुता जरा." आणि त्या आवाजामागं एसटी स्टँडचा भोंगा गाड्यांची नावं घेत होता.

काकांनी फोन स्पीकरवर टाकला. मल्लिनाथनं खुणेनं सांगितलं, बोलत राहा. मग काकांनी त्यांना जे येतं, तेच केलं.

"अहो, मशीन बिघडलंय. व्हईल आत्ता. बसा की, घाई कसली? गाव कुठलं आपलं? घरचे किती? आजोळ कुणीकडं म्हणालात?"

तो माणूस एकेक उत्तर देत राहिला. काकांना देतातच लोक. पलीकडं कंडक्टरची डबल बेल ऐकू आली, इंजिन घरघरलं.

"राहू द्या काका," तो तेवढ्याच अदबीनं म्हणाला. "तिची गाडी गेली."

पोलीस पोचले तेव्हा स्टँडवर तो नव्हता. भुवनेश्वरीचा नंबर त्यानंतर लागलेला नाही. काका रोज सकाळी लावून बघतात. लागला नाही, की "बरं हाय, कुणालाच सापडंना झालीय" म्हणतात आणि मग दुकानाचं शटर वर घेतात.