कडब्याखालची आग

आमच्या नव्या ट्रकच्या धुरात काजळी दिसत नाही. ती पोटातल्या फिल्टरमध्ये साठते आणि लई साठली की इंजिन स्वतः तापून ती जाळून टाकतं. जुनी गाडी मी जन्मभर आवाजावरून ओळखली. ही दिवा लावून सांगते.

कुंभारीचा कडबा भरून मी आणि पोरगा बार्शीला निघालो होतो. आमच्याकडं पेंढ्या दोन्ही अंगांनी फाळक्याबाहेर लोंबेपर्यंत रचतात, त्याशिवाय गाडी भरली असं कुणी म्हणत नाही. वाटेत पिवळा दिवा लुकलुकला आणि चढावर गाडीचा जोर गेला.

"आण्णा, काजळी जाळाय लागंल," पोरगा म्हणाला. "बाजूला घेतो, बटन दाबतो."

"आन् वरचा कडबा?"

"काय न्हाय होत."

"वाळला कडबा हाय त्यो, ऊस न्हाय."

"मग तशीच रेटू? इंजिन बसलं तर तुमी ढकलणार व्हय?"

त्याचंही खोटं नव्हतं. रेटली तर इंजिनाचं वाटोळं, जाळली तर एका ठिणगीत गाडी आणि कडबा दोन्ही जायचे. मी मुरमाचं, खाली वाळलं गवत नसलेलं मोकळं रान दाखवलं, तिथं गाडी घ्यायला लावली. दोर सैल करून सायलेन्सरच्या अंगाच्या पेंढ्या खाली ओढायला लागलो. पोरगा पुटपुटत हाताखाली आला.

"जुन्या गाडीला कवा असलं केलं न्हाय तुमी."

"ती सवताला पेटवून घेत नव्हती."

त्यानं बटन दाबलं. अ‍ॅक्सिलरेटरवर कुणाचा पाय नसताना इंजिन एकाएकी गुरगुरायला लागलं. पाण्याचा कॅन धरून मी उभा राहिलो. वरून कडब्याचं एक पान सुटलं, सायलेन्सरवर पडलं. आक्रसलं, काळं झालं, कडेला लाल धग धरली. मी पाणी ओतायच्या आत पोरानं ते बुटानं झटकून मुरमात चिरडलं.

दिवा विझेपर्यंत मी कॅन खाली ठेवला नाही. परत भरताना त्यानं त्या अंगाला एकही पेंढी फाळक्याबाहेर येऊ दिली नाही. उरलेल्या तिथंच ठेवल्या. माल कमी म्हणून बार्शीचा म्हैसवाला कुरकुरला, ते मी ऐकून घेतलं.

आता तो एकटाच जातो. फोन लागला की मी जेवलास का म्हणून विचारत नाही. आधी विचारतो, कुटं थांबलाईस, आन् गाडीखाली काय हाय.